दर्यावरचा दमसास

मृगाचे ढग पश्चिमेकडून चढू लागले म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरील खारवी आणि कोळी आपल्या होड्या पाण्याबाहेर ओढून घेतात, त्यांच्या बुडाला धरलेली शेवाळाची आणि कालवांची पुटे खरवडून काढतात, लाकडाला तेल पाजतात आणि माडाच्या झावळ्यांनी त्यांना नीट शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडीला काही काम नसते. परंतु काम नाही म्हणून ती तशीच उघड्यावर टाकली, तर पावसामागून ऊन आणि उन्हामागून पाऊस खाऊन तिच्या फळ्या तडकतात, सांधे सुटतात, आणि ज्या दिवशी तिला पुन्हा लोटायची त्या दिवशी ती किनाऱ्यापाशीच पाण्याने भरून जाते. शाकारलेली होडी त्या दोन-अडीच महिन्यांत एक कोसही पुढे जात नाही; तिचे बळ फक्त जागच्या जागी राखले जाते, आणि एवढेच तिच्या धन्याला हवे असते.

या होडीच्या नेमकी उलट अवस्था दर्यावर्दी धावपटूची होते. ज्याने जमिनीवर असताना पहाटे उठून दहा-वीस किलोमीटर धावण्याची, डोंगर चढण्याची अथवा सायकलीवर लांबची मजल मारण्याची सवय जडवून घेतली, तो नोकरीच्या निमित्ताने चार-सहा महिन्यांच्या करारावर जहाजावर रुजू झाला, की त्याचा रस्ता सुटतो, टेकडी सुटते, सोबती सुटतात आणि वेळेवरची त्याची मालकीही सुटते. आपण हळूहळू कमावलेला दमसास या सफरीत आटून जाणार काय, आणि आटू नये म्हणून काय तजवीज करावी, हा त्याचा प्रश्न केवळ हौसेचा नव्हे. कारण आगीच्या प्रसंगी पाठीवर हवेची नळकांडी घेऊन सात मजले चढावे लागते, तेव्हा हाच दमसास उपयोगी पडतो.

जहाजावरचे काम हाच मुळी व्यायाम, मग निराळ्या मेहनतीची तसदी कशाला, असे जमिनीवरच्या माणसास वाटते. एके काळी ते खरेही होते. आंग्र्यांच्या आरमारातील गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत आणि वारा पडला म्हणजे ती माणसांच्या खांद्यांच्या जोरावरच चालत. पुढे आगबोटींच्या काळात रत्नागिरीकडचा जो आगवाला भट्टीच्या तोंडाशी उभा राहून चार चार तास कोळसा ओढी, त्याला व्यायामाचा उपदेश करणे हा क्रूर विनोद ठरला असता. आज सारंग आणि भंडारी ही नावे बोलण्यात उरली असली, तरी तीनशे मीटर लांबीचे जहाज वीस-पंचवीस माणसे चालवितात, आणि त्यांच्या श्रमाचे स्वरूपच पालटले आहे. ब्रिजवरचा अधिकारी चार तास उभा असतो, पण चालत नाही; इंजिनखान्यातला अभियंता जिने चढतो, पाने आवळतो, घामाघूम होतो, पण त्याचे श्रम तुटक असतात. हृदयाला अर्धा-पाऊण तास एका वाढीव लयीत चालवणारे असे काम जहाजावर क्वचितच असते. म्हणूनच दिवसअखेर अंग शिणलेले असूनही दम मात्र घटत चाललेला, अशी विचित्र कैफियत पुष्कळ खलाश्यांच्या तोंडून ऐकू येते.

विमानांच्या पूर्वी हा प्रश्न पट्टीच्या खेळाडूंनाही पडत असे. १९१२ साली अमेरिकेचा ऑलिंपिक चमू ‘फिनलंड’ नावाच्या जहाजाने स्टॉकहोमकडे निघाला, तेव्हा धावपटूंसाठी डेकवर बुचाची धावपट्टी अंथरण्यात आली होती, आणि जलतरणपटूंसाठी कॅनव्हासचा हौद उभारून त्यात पोहणाऱ्याला दोरीने बांधून जागच्या जागी पोहावयास लावीत. पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० साली जो भारतीय चमू अँटवर्पला गेला, त्यालाही समुद्राखेरीज दुसरी वाट नव्हती. त्यांतील फडेप्पा चौगुले यांनी त्या सफरीनंतर मॅरेथॉन शर्यत सुमारे २ तास ५० मिनिटांत पुरी करून १९वा क्रमांक मिळविला. या मंडळींचा समुद्रवास आठवड्यांचा होता; आजच्या दर्यावर्दीचा महिन्यांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत शरीरात नेमके काय घडते हे आधी समजून घेतले पाहिजे.

दमसास ही एकच वस्तू नसून ती अनेक वस्तूंची बेरीज आहे, आणि सराव थांबला की त्या सगळ्या एकाच वेगाने झिजत नाहीत. सर्वांत आधी, अवघ्या काही दिवसांत, रक्तातील रक्तद्रवाचे प्रमाण उतरते. त्यामुळे हृदय दर ठोक्याला पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे लोटते आणि तेच काम करण्यासाठी त्याला अधिक ठोके द्यावे लागतात. त्यानंतरच्या आठवड्यांत स्नायूंच्या पेशींतील तंतुकणिका, म्हणजे प्राणवायूच्या साहाय्याने इंधन जाळणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या, मंदावतात. याउलट वर्षानुवर्षांच्या मेहनतीने स्नायूंत पसरलेले केशवाहिन्यांचे जाळे बराच काळ टिकून राहते. १९८४ साली एडवर्ड कॉयल व त्यांचे सहकारी यांनी चांगल्या तयारीच्या सात व्यक्तींचा सराव पूर्ण थांबवून ८४ दिवस त्यांची तपासणी केली, तेव्हा शरीराची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांच्या सुमारास १६ टक्क्यांनी घटलेली आढळली. पुढे मात्र ती घट थांबली. तेव्हा भीती बाळगावी ती पहिल्या दोन महिन्यांची. आणि नेमक्या त्याच दिवसांत नव्या जहाजावर रुजू झालेला मनुष्य कामाची माहिती करून घेण्यात गढलेला असल्याने व्यायाम ‘पुढल्या महिन्यापासून’ वर टाकीत असतो.

मग किती केले असता ही घट रोखता येते? या प्रश्नाचे फार उपयुक्त उत्तर रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० नंतरच्या प्रयोगांतून मिळाले. त्यांनी काही निरोगी माणसांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे जोरकस मेहनत करवून घेतली, आणि क्षमता चांगली वाढल्यावर त्या मेहनतीतील एकेक घटक कमी करून पाहिला. आठवड्याचे सहा दिवस चारांवर किंवा दोनांवर आणले, तरी पुढील पंधरा आठवडे प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. चाळीस मिनिटांची सव्वीस किंवा तेरा मिनिटे केली, तरीही ती टिकली. फक्त तेरा मिनिटांवर आलेल्यांची फार लांब पल्ल्याची चिकाटी थोडी उणावली. परंतु दिवस आणि मिनिटे कायम ठेवून मेहनतीची तीव्रता मात्र एक-तृतीयांशाने अथवा दोन-तृतीयांशांनी उतरविली, तेव्हा कमावलेले बळ ओसरू लागले. याचा अर्थ असा की वाढवण्याचा खर्च मोठा असला, तरी राखण्याचा खर्च लहान असतो, परंतु तो खर्च खऱ्या नाण्यांत चुकता करावा लागतो. संध्याकाळी डेकवर गप्पा मारीत घातलेल्या शंभर येरझाऱ्या या हिशेबात धरल्या जात नाहीत. दर्यावर्दीला वेळ थोडा मिळतो, पण त्या थोड्या वेळात जोर किती लावायचा हे त्याच्याच हाती असते. आणि सुदैवाने शरीराचीही मागणी तीच आहे.

आता वेळेकडे वळू. जहाजावरचा दिवस पहाऱ्यांत वाटलेला असतो. बहुतेक मालवाहू जहाजांवर तिसरा अधिकारी सकाळी व रात्री ८ ते १२, दुसरा अधिकारी दुपारी व मध्यरात्री १२ ते ४, आणि चीफ ऑफिसर ४ ते ८ असा पहारा सांभाळतो. २००६ सालच्या सागरी श्रम कराराच्या शिरस्त्याप्रमाणे कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि कोणत्याही ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. ते १० तास फार तर दोन हप्त्यांत विभागता येतात आणि त्यांपैकी एक हप्ता सलग ६ तासांचा असावा लागतो. कागदावरील हे दहा तास म्हणजे दहा तासांची झोप नव्हे. जेवण, स्नान, कपडे धुणे आणि घरच्यांशी बोलणे याच दहा तासांतून कापून घ्यावे लागते. म्हणून पहिला नियम असा की व्यायाम झोपेच्या मोठ्या हप्त्यातून चोरू नये. तिसऱ्या अधिकाऱ्याने दुपारची डुलकी घेऊन चारच्या सुमारास, दुसऱ्याने दुपारचा पहारा उतरताच, आणि दिवसपाळीच्या खलाश्याने संध्याकाळच्या जेवणापूर्वी तो उरकावा. मध्यरात्रीचा पहारा करून उतरलेल्याने सरळ अंथरूण गाठावे.

घड्याळाचे आणखी एक लचांड जहाजावर असते. सिंगापूरहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून लोहखनिज भरण्यासाठी ब्राझीलच्या तुबारांव बंदराकडे निघालेले रिकामे जहाज १२ नॉट वेगाने गेल्यास सुमारे महिन्याभराने तेथे पोहोचते, आणि वाटेत त्याची घड्याळे टप्प्याटप्प्याने ११ तास मागे न्यावी लागतात. पश्चिमेकडे जाताना ११ दिवस पंचवीस तासांचे होतात, ते सुखाचे. परतीच्या वाटेवर मात्र तेच ११ तास एकेक करून परत द्यावे लागतात, आणि तेवीस तासांच्या त्या दिवशी जो तास गळतो तो बहुधा झोपेचा असतो. अशा दिवशी कठीण मेहनत ठरविलेली असेल, तर ती बिनदिक्कत उद्यावर टाकावी.

जागेचा प्रश्न याहून मनोरंजक आहे. वर सांगितलेल्या प्रकारचे मोठे खनिजवाहू जहाज सुमारे २९० मीटर लांब व ४५ मीटर रुंद असते. त्याच्या डेकवर पिछाडीच्या निवासापासून नाळेपर्यंत एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत आले, की जवळजवळ अर्धा किलोमीटर भरतो, म्हणजे दहा किलोमीटरांना वीस फेरे. पायाखालचे पोलाद जराही दबत नाही, वाटेत नळ, कड्या, दोरखंड व हॅचच्या कडा असतात, आणि दहिवराने किंवा तुषारांनी रंग निसरडा होतो. त्यामुळे जाड तळव्याचे पण घट्ट पकडीचे बूट, दिवसाउजेडाची वेळ आणि ब्रिजवरील पहारेकऱ्याची आगाऊ परवानगी या तीन गोष्टींशिवाय तेथे पाऊल टाकू नये. रात्री तर डेकवर धावण्याची मुभा नसतेच. ब्रिजवरून समोरच्या समुद्रावर नजर ठेवणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून डेकवर मुद्दाम अंधार राखलेला असतो, आणि त्या अंधारात पाण्यात पडलेला मनुष्य सकाळच्या हजेरीपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेलवाहू जहाजावर आणखी एक बंधन असते: तेथे ठिणगीचा धोका असणारे कोणतेही साधे विद्युत उपकरण, मग तो मोबाइल फोन असो वा मनगटावरचे धावण्याचे घड्याळ, डेकवर न्यावयास मनाई असते.

त्या घड्याळाचा येथे उपयोगही नसतो. उपग्रहांवरून स्थान ओळखणारे ते यंत्र माणसाबरोबर जहाजाचाही वेग मोजते. १२ नॉट म्हणजे ताशी २२ किलोमीटरांहून थोडे अधिक. केल्व्हिन किप्टमने २०२३ साली शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत जिंकली तेव्हा त्याचा सरासरी वेग ताशी २१ किलोमीटर होता. तेव्हा डेकवर खुर्ची टाकून चहा पीत बसलेला खलाशीदेखील घड्याळाच्या दप्तरी किप्टमच्या पुढे निघून गेलेला असतो! म्हणून समुद्रावर अंतराचा नाद सोडून मिनिटे, नाडीचे ठोके आणि श्वास या तीन मापांनी चालावे. पूर्ण वाक्य बोलता येते ती सौम्य मेहनत, दोन-चार शब्दांवर धाप लागते ती कठीण. हे माप जहाज कोणत्याही दिशेने गेले तरी खोटे ठरत नाही.

हवा बिघडली की डेक बंद होतो आणि उरते ती व्यायामाची लहानशी खोली. तेथील ट्रेडमिलवर, समुद्र थोडा जरी उठला असला, तरी काय होते ते जवळून पाहण्यासारखे असते. ते यंत्र जहाजाच्या रुंदीच्या दिशेने आडवे ठेवलेले असेल आणि जहाज एका बाजूस ५ अंश कलले, तर पायाखालचा सपाट पट्टा शंभराला जवळजवळ नऊ इतक्या चढाचा होतो. पाच-सहा सेकंदांनी जहाज दुसऱ्या कुशीवर वळते आणि तोच चढ उतार बनून धावणाऱ्याला पुढच्या कठड्यावर लोटतो. यंत्र लांबीच्या दिशेने उभे ठेवले, तर चढउताराऐवजी पट्टाच एका बाजूस कलतो आणि सगळा भार घोट्यांवर येतो. त्यातच नाळ लाटेवर चढून खाली उतरताना उभ्या दिशेचा हिसका गुरुत्वाच्या एक-दशांश झाला, तरी ७० किलोंचा मनुष्य एका क्षणी ७७ किलोंचा आणि पुढच्या क्षणी ६३ किलोंचा होऊन धावत असतो. रिकाम्या जहाजात वजन तळच्या टाक्यांत भरलेल्या पाण्याचेच असल्याने गुरुत्वमध्य फार खाली जातो, आणि असे जहाज कलल्यावर संथपणे न उठता झटक्यासरशी सरळ होते. त्यामुळे रिकाम्या सफरीत हा त्रास विशेष जाणवतो. अशा दिवशी ट्रेडमिलचा हट्ट धरणे म्हणजे घोटा मुरगळून पुढचे तीन आठवडे घालविणे होय. जमिनीला बोल्टांनी घट्ट बसविलेली सायकल आणि लांबीच्या दिशेने ठेवलेले वल्ह्याचे यंत्र यांवर मनुष्य बसलेला असतो, तोल जाण्याचे भय कमी राहते, आणि हृदयाला तर पाय धावताहेत की पेडल मारताहेत याची फारशी पर्वा नसते.

तिसरे साधन म्हणजे जिना, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. मुख्य डेकपासून ब्रिजपर्यंतची चढण सुमारे २० मीटर धरली, तर पंधरा वेळा चढणाऱ्याची ३०० मीटर उंची होते, म्हणजे पुण्याचे धावपटू ज्या सिंहगडावर दम कमावतात त्याची सुमारे निम्मी चढण. ७० किलोंच्या माणसाला तेवढ्यासाठी २०० ते २५० कॅलरी खर्चाव्या लागतात. चढताना जोर लावावा, उतरताना एक हात कठड्यावर ठेवून सावकाश उतरावे, आणि पहारा करून झोपलेल्यांच्या दारांवरून बूट वाजवीत जाऊ नये.

केबिनमधली सहा फूट लांब व तीन फूट रुंद जमीनही अगदीच टाकाऊ नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर हिरिरीने प्रसार केला, त्यांना यापेक्षा अधिक जागा लागत नाही. हात व पाय दोन्ही टेकलेले असल्याने डोलत्या जहाजावरही त्यांत तोल राहतो, आणि वेग वाढविला तर दहा मिनिटांत धाप लागते. त्यांना बैठकांची जोड दिली म्हणजे मांड्या व पोटऱ्या जाग्या राहतात. गोव्यात बांधलेल्या अवघ्या ५६ फुटी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेवढ्या आटोपशीर नौकेत दोर ओढून खांद्यांना काम मिळते, पण पायांना धड चालणेही मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तीनशे मीटरांच्या जहाजावर जागेची तक्रार करणे शोभत नाही.

हे सारे एकत्र करून ब्राझीलच्या वाटेवरील आपल्या तिसऱ्या अधिकाऱ्याचा एक आठवडा मांडून पाहू. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी चार वाजता तो सायकलीवर दहा मिनिटे अंग गरम करतो. मग चार मिनिटे असा जोर लावतो की बोलणे अशक्य व्हावे, तीन मिनिटे सैल सोडतो, आणि असे चार आवर्त करून शेवटी पाच मिनिटांत शांत होतो. सगळे मिळून त्रेचाळीस मिनिटे. मंगळवारी सूर्यनमस्कार, बैठका व जोर. शनिवारी जिन्याचे पंधरा फेरे. रविवारी, समुद्र शांत असेल आणि ब्रिजवरून होकार आला, तर डेकवर तासभर संथ दौड. ती मिळाली नाही तर वल्ह्याचे यंत्र. बुधवार व शुक्रवार मोकळे, कारण अचानक येणारी कामे आणि आगीच्या कवायती यांना जागा ठेवावीच लागते. आठवड्याला साडेतीन तास, पण त्यांतली सोमवार-गुरुवारची बत्तीस कठीण मिनिटे हाच खरा कणा; आठवडा फारच ओढगस्तीचा गेला तर बाकीचे सोडावे, ती बत्तीस मिनिटे सोडू नयेत. बंदरात माल चढउताराची धांदल असते, तेव्हा चार दिवस काहीच झाले नाही तरी हळहळू नये. तेवढ्याने पंधरवड्याचा हिशेब बुडत नाही.

इंजिनखान्यात काम करणाऱ्याला उष्म्याचा निराळा विचार करावा लागतो. तेथील हवा उष्ण कटिबंधात ४० अंशांवर सहज जाते. अशा उष्णतेत रोज श्रम केल्यास दहा ते चौदा दिवसांत शरीर रुळते, घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तद्रवही वाढतो. म्हणजे एका हाताने सफर जे काढून घेते त्यातले थोडे दुसऱ्या हाताने परत करते. परंतु पाळीपूर्वी व पाळीनंतर वजन करून पाहावे, आणि एक किलो घटले असेल तर सुमारे एक लिटर पाणी अंगाबाहेर गेले असे समजून ते भरून काढल्याशिवाय व्यायामाला हात घालू नये. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण त्यासाठी पुरेसे आहे. आहाराच्या बाबतीत भंडाऱ्याशी, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक्याशी, सख्य ठेवावे. दोन-तीन आठवड्यांनी ताजी पालेभाजी संपते, पण मूग आणि मटकी संपत नाहीत, आणि त्यांना मोड आले म्हणजे कोरड्या कडधान्यात नसलेले क जीवनसत्त्व तयार होते.

एवढे करूनही एक गोष्ट जहाजावर राखता येत नाही, ती म्हणजे रस्त्यावरच्या आघाताची सवय. हृदय आणि फुप्फुसे सायकलीने टिकतात. परंतु पोटरीचा स्नायुबंध आणि नडगीचे हाड यांचा कणखरपणा पाऊल जमिनीवर आदळल्यानेच टिकतो. म्हणून सहा महिन्यांनी घरी परतलेल्या धावपटूला पहिल्याच सकाळी दम पुरतो आणि पाय दगा देतात. दम साबूत आहे या भरवशावर तो जुन्या मजला मारू लागतो आणि पंधरा दिवसांत लंगडत घरी बसतो. पहिले तीन-चार आठवडे एकाआड एक दिवस, निम्म्या अंतरावर आणि मऊ वाटेवर घालविणे हाही त्या सफरीचाच शेवटचा भाग समजावा.

खारव्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. झावळ्या काढून होडी पुन्हा पाण्यात लोटली, म्हणजे कितीही नीट शाकारलेली असली तरी वाळलेल्या फळ्यांच्या सांध्यांतून पहिले काही दिवस पाणी झिरपतेच. तो घाबरत नाही आणि लगेच खोल समुद्राकडेही जात नाही. होडी किनाऱ्याजवळ ठेवून, आत आलेले पाणी उपसून टाकीत, फळ्या फुगून सांधे आपोआप मिटेपर्यंत तो वाट पाहतो.